बारा घरांतलं बोलणं

घरातला कॉम्प्युटर जळाला तर काय काय जाईल? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर लांबलचक असतं. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीटा, कधीच न वाचलेली पॉलिसीची कागदपत्रं. विजयमाला चौगुल्यांच्या घरात ते एका ओळीत संपत होतं. कॉम्प्युटर गेला तर डॉक्टरांचं बोलणं जाईल.

डॉक्टर रणजित चौगुले गुरांचे डॉक्टर. कोल्हापूरच्या आसपासच्या गोठ्यांतल्या म्हशी आपला आवाज ओळखतात, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. पाच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, शब्द मात्र आले नाहीत. विचार शाबूत, आठवण शाबूत, समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, पण मनातल्या गोष्टीकडून शब्दाकडे जाणारी मेंदूतली वाट उखडली होती. उरला फक्त एक शब्द. पाणी हवं असलं तरी ‘खुरपं’, पंखा बंद करायचा असला तरी ‘खुरपं’, आणि चिडले की दोनदा ‘खुरपं’. तोच का उरला, हे मेंदूच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

त्याच सुमारास शास्त्रज्ञांच्या हाती एक मोठी उपयोगाची गोष्ट लागली होती. शब्द हरवले तरी माणसाचं शरीर बोलायचं थांबत नाही. पाण्यासाठी ‘खुरपं’ म्हणताना घशाचे स्नायू एका रीतीने ओढले जातात, पंख्यासाठी म्हणताना दुसऱ्या. नजर कुठे जाते, श्वास कुठे तुटतो, मनगटातले स्नायू कसे आखडतात, हे सगळं मिळून प्रत्येक इच्छेचा एक ठसा उमटतो. आपल्या कानाला तो कळत नाही, पण गळ्यावरची पट्टी, मनगटातलं कडं आणि भिंतीवरचा कॅमेरा यांना तो टिपता येतो. अडचण एवढीच की हे ठसे माणसागणिक वेगळे. म्हणून यंत्राला एकेका माणसापाशी बसून शिकावं लागतं. यंत्राने अंदाज करून वाक्य बोलायचं, माणसाने खुर्चीच्या हातावर एक टिचकी मारली तर बरोबर, दोन मारल्या तर चूक.

चौगुल्यांच्या घरात या टिचक्या अडीच वर्षं चालल्या. विजयमालाताई शेजारी बसून राहायच्या, कंटाळा आला की भाजी निवडायला घ्यायच्या. हळूहळू यंत्र, ज्याला त्या ‘दुभाष्या’ म्हणत, नवऱ्यासारखंच बोलायला लागलं. आवाज डॉक्टरांचा, जनावरांच्या शिबिरांतल्या त्यांच्या जुन्या भाषणांवरून तयार केलेला. खोडीही त्यांचीच. मधे डॉक्टरांना आणखी एक छोटा झटका येऊन गेला. त्यानंतर मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की यंत्राने शिकलंय ते जपा, पुन्हा शिकवण्याची ताकद आता यांच्यात नाही.

आणि एक गोष्ट. हे बोलणं घरातल्या घरात चालायचं. सुरुवातीला एकदा डॉक्टरांचा चुलतभाऊ आला होता. दुभाष्याचं बोलणं ऐकून त्याने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “आयला, पोपटागत बोलतंय की!” डॉक्टरांनी गळ्याची पट्टी सोडली आणि आतल्या खोलीत निघून गेले. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की त्यांचा हात आधी पट्टीकडे जायचा.

हे सगळं शिक्षण राहत होतं हॉलच्या कोपऱ्यातल्या, मिक्सरएवढ्या कॉम्प्युटरमध्ये. मधली बरीच वर्षं लोकांनी सगळं कंपन्यांच्या हवाली करून पाहिलं होतं. त्यात हात पोळल्यावर घरचा कॉम्प्युटर पुन्हा घरात आला होता, आणि त्याच्याबरोबर बॅकअपची जुनी कटकटही.

“आई, तू अजून बॅकअप घेतलेला नाहीस,” बंगळूरहून केतकी फोनवर म्हणाली. ही त्यांची एकुलती एक लेक. “रोज सांगते मी.”

“आणि मी रोज हो म्हणतो. कुठला घ्यायचा ते तरी सांगशील का नाही?”

केतकीने तीन पर्याय सांगितले. पहिला सगळ्यात सोपा. एका मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर, नाव ‘अक्षय’. फुकट. फक्त शिकलेलं ज्ञान ते जसंच्या तसं ठेवत नसत. जागा वाचवायला हजारो रुग्णांचं मिळून एक सामाईक ज्ञान करत आणि परत मागितलं की त्यातून तुमच्या माणसापुरतं पुन्हा उभं करून देत. केतकीने आईला ते चाचणीपुरतं लावून दिलं. डॉक्टर खुर्चीत बसून ‘खुरपं’ म्हणाले आणि त्यांच्याच आवाजात आलं, “कृपया मला थोडं पाणी मिळू शकेल का? धन्यवाद.”

विजयमालाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खुर्चीवर दोन टिचक्या मारल्या, मग आणखी दोन, मग मोजायचं कारणच राहिलं नाही. मूळ दुभाष्या परत लावला तेव्हा त्याच ‘खुरपं’चं असं झालं, “पाणी दे गं, आणि तो कोण बँकेतला माणूस आलाय त्याला घालव.”

“हे नको,” विजयमालाताई म्हणाल्या. “चाळीस वर्षांत मला एकदा धन्यवाद म्हणाला नाही हा माणूस. आता म्हणाला तर मलाच काहीतरी झालंय असं वाटेल.”

दुसरा पर्याय म्हणजे वेगळी डिस्क घ्यायची आणि कपाटात ठेवायची. पण आग लागली, पाणी शिरलं, तर कॉम्प्युटर आणि कपाट दोन्ही त्याच घरात. तिसऱ्या पर्यायाचं नाव होतं ‘वाटा’, आणि तो विजयमालाताईंच्या भिशीतच सुरू झाला होता.

सुयोग कॉलनीतल्या बायकांची ही भिशी जुनी. तिच्या म्होरक्या शुभांगी मगदूम, निवृत्त पीटी शिक्षिका, ज्यांनी शिट्टी घरी आणून ठेवली होती पण तिची गरज पडत नव्हती. त्यांनीच सगळ्यांच्या गळी उतरवलं, की भिशीत जसं प्रत्येकीनं थोडं घालायचं आणि वेळेला प्रत्येकीला मिळतं, तसं प्रत्येकीनं आपल्या कॉम्प्युटरमधला एक कोपरा बाकीच्यांना द्यायचा.

“म्हणजे ह्यांचं बोलणं लोकांच्या घरात?” विजयमालाताईंनी लेकीला विचारलं.

“तुकडे करून. तू मला दोन आकडे सांग बघू.”

“सात आणि पाच.”

“सात मी एका घरी ठेवला, पाच दुसऱ्या घरी, आणि त्यांची बेरीज बारा तिसऱ्या घरी. आता दुसऱ्या घरचा पाच हरवला. काय करशील?”

“बारातनं सात वजा करतो. पाच आले की.”

“झालं. कुठलंही एक घर गेलं तरी उरलेल्या दोघांवरून सगळं मिळतं. हेच गणित वाढवून ‘वाटा’ तुझ्या माहितीचे बारा तुकडे बारा घरांत ठेवतं. त्यातले कुठलेही सात मिळाले की सगळं जसंच्या तसं परत. आणि ठेवण्याआधी सगळ्याला कुलूप घालतं, त्यामुळे कुणाला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही.”

कुलपाचं ऐकल्यावर विजयमालाताईंच्या जिवात जीव आला. कारण घरातल्या घरात डॉक्टर भिशीच्या एकेका बाईबद्दल जे बोलायचे, ते त्या त्या बाईच्या घरी पोचलं असतं तर कॉलनी सोडायची वेळ आली असती. मगदूम बाई बोलायला लागल्या की म्हैस पान्हा चोरते, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

त्यांनी नवऱ्याला विचारलं. बोलणं त्याचं होतं, तेव्हा शेवटचा शब्दही त्याचाच.

“ठेव,” दुभाष्या म्हणाला. “बायकांच्या भिशीत माझा नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. पण फराळ असेल त्या दिवशी माझी बशी वेगळी आण.”

दहा तुकडे कॉलनीतल्या दहा घरांत गेले. एक केतकीकडे बंगळूरला आणि एक मगदूम बाईंच्या बहिणीकडे इचलकरंजीला. रोज पहाटे दुभाष्याने आदल्या दिवशी जे नवं शिकलं असेल ते त्या तुकड्यांत भरलं जाई. विजयमालाताई निर्धास्त झाल्या.

मे महिन्यात भिशीची सहल निघाली, वेंगुर्ल्याला. डॉक्टरांना सोडून विजयमालाताई जाणार नव्हत्या, पण सहलीची तयारी त्यांच्याच हॉलमध्ये झाली. निघायच्या दिवशी मगदूम बाईंनी दारोदार फिरून फर्मान काढलं, “गॅसची टाकी बंद. नळ बंद. मेन स्विच बंद. मागच्या खेपेला मी फ्रिज चालू ठेवून गेलो, मधे दोन दिवस लाइट गेली आणि आल्यावर काय वास मारत होता!” आपल्याकडे गावाला जाताना मेन बंद केल्याशिवाय पाय घराबाहेर पडत नाही. ज्यांची घरं रिकामी राहणार होती त्या बायकांनी मेन बंद केले. चौघींनी किल्ल्या विजयमालाताईंच्या हातात दिल्या, बाकीच्यांनी पर्समध्ये टाकल्या, आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर कलिंगड खात होते. एकाएकी ट्यूबलाइट कधी नव्हे इतकी लख्ख झाली, पंखा बेफाम फिरायला लागला, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून करपल्याचा वास आला. विजयमालाताई धावल्या. खटका पाडायचं भान राहिलं नाही, त्यांनी प्लगच धरून ओढला. ठिणगी उडाली, बोटांना चटका बसला, पण त्या वेळी बोटांकडे कोण बघतंय. कॉम्प्युटर काळा पडला होता.

“खुरपं!” डॉक्टर ओरडले.

त्यानंतर काहीच आलं नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदा तो शब्द नुसता हवेत राहिला.

विजयमालाताईंनी केतकीला फोन लावला. केतकीने तिकडून तुकडे शोधले. तिचा स्वतःचा मिळाला, इचलकरंजीचा मिळाला. कॉलनीतल्या दहांपैकी एकही नाही.

“एकही कसा नाही?”

“सगळे कॉम्प्युटर बंद दिसतायत, आई. एकदम सगळे.”

विजयमालाताईंना मेन स्विच आठवले आणि त्यांचं डोकं भणाणलं. त्यांनी वेंगुर्ल्याला फोन लावला आणि मगदूम बाईंना नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्याच्या घरचं ठेवून घेतलंय आणि खुशाल बटणं बंद करून गेलात, ह्यांचं बोलणं तुमच्या फ्रिजपेक्षा हलकं होतं का, असंही त्या बोलून गेल्या. मग मगदूम बाई एवढंच म्हणाल्या, “वैनी, माझ्या ध्यानातच आलं नाही हो.” आणि फोन ठेवला.

इकडे डॉक्टर थांबायला तयार नव्हते. “खुरपं,” ते म्हणत आणि बायकोच्या हाताला धरायला बघत. तिने पाणी दिलं. नाही. उशी दिली. नाही. संडासला जायचंय का? नाही. उठायचंय म्हणून हात धरतायत असं वाटून तिने त्यांना उठवायला घेतलं, तर ते खुर्चीला घट्ट धरून बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं समजावून सांगणारं माणूस समोर आणि आपल्याला काडीचं कळत नाही. विजयमालाताईंना स्वतःचाच संताप आला. हे आता असंच राहणार का, पुढची सगळी वर्षं, ही भीती मात्र संतापापेक्षा मोठी होती.

संध्याकाळी वायरमन आला. डीपीवर चढून उतरला आणि घाम पुसत म्हणाला, “न्यूट्रल तुटलाय, काकू. न्यूट्रल तुटला की दोनशेतीसच्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज घुसतं घरात. ह्या लाइनीत ज्यांचं ज्यांचं मेन चालू होतं, त्यांचं सगळं भाजून निघालं बघा. पलीकडं पाटलांचा टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर. खोतांचं पण तेच.”

पाटील आणि खोत ही भिशीतलीच दोन घरं. बायका सहलीला गेल्या होत्या, नवरे घरी होते.

“आणि ज्यांचं मेन बंद होतं त्यांचं?”

“त्यांना काय धाड भरलीय? त्यांच्या घरापर्यंत करंट गेलाच नाही.”

विजयमालाताई पायरीवरच बसल्या. मगदूम बाईंनी फर्मान काढलं नसतं तर दहाच्या दहा तुकडे आज त्या टीव्हीसारखे भाजून निघाले असते. त्यांनी घाईघाईने पुन्हा फोन लावला. लागला नाही. रात्री लावला, लागला नाही. तोंडात आलेली माफी तशीच घेऊन त्या झोपल्या, म्हणजे पडल्या.

सकाळी न्यूट्रल जोडून झाला होता. दुकानदार नवा कॉम्प्युटर लावून गेला. विजयमालाताईंनी चार किल्ल्या उचलल्या आणि घरं उघडत निघाल्या.

दुसऱ्याच्या बंद घरात एकटीने शिरणं अवघडच वाटतं. भिशीतल्या रेश्मा मुजावरच्या स्वयंपाकघरात कढई पालथी घालून ठेवली होती आणि ओट्यावर चिठ्ठी होती, मुलासाठी, डबा खाली आहे म्हणून. मुलगा हॉस्टेलला होता, तरी चिठ्ठी होती. विजयमालाताईंनी मेन वर केला. कोपऱ्यात रेश्माचा कॉम्प्युटर बारीक आवाज करून जागा झाला. “तीन,” केतकी फोनवर म्हणाली. पुढच्या घरात चार. तिसऱ्या घरात देवासमोर हात जोडले आणि मेन वर केला, पाच. शेवटच्या घरात कुंडीतली तुळस माना टाकून बसली होती, तिला तांब्याभर पाणी घातलं. सहा.

आणि किल्ल्या संपल्या.

“सहावर काहीच होत नाही का गं? निदान थोडं थोडं बोलतील...”

“नाही, आई. सहा म्हणजे शून्यच. या गणितात अर्धवट नसतं. सात लागतात.”

सहल संपायला अजून तीन दिवस होते. घरी येऊन विजयमालाताई नवऱ्याशेजारी बसल्या. चटका बसलेली बोटं आता ठणकत होती, ती त्यांनी ओढणीखाली घेतली. डॉक्टरांनी पुन्हा त्यांचा हात ओढला. “अहो, थांबा ना जरा,” त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “मला नाही हो कळत.”

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

फोन आल्यावर मगदूम बाईंनी गाडीवाल्याला बोलावलं होतं, आणि बाकीच्यांनी का म्हणून विचारलं नव्हतं. सकाळ उजाडायच्या आत सगळ्या निघाल्या होत्या. मगदूम बाईंचा फोन रात्रीच चार्जिंग संपून बंद पडला होता, आणि घाटात कुणालाच रेंज नव्हती. गाडी कॉलनीत थांबली, आणि पन्नाशी-साठीच्या बायका बॅगा रस्त्यात टाकून आपापल्या घराकडे पळत सुटल्या. एक चप्पल हातात घेऊन पळत होती. मगदूम बाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

“सात!” केतकी फोनवर किंचाळली. “आई, सात झाले! आठ... नऊ... दहाही आले!”

कुलूप उघडायचे परवलीचे शब्द विजयमालाताईंनी सांगितले. यंत्र तुकडे जोडायला लागलं. त्याला थोडा वेळ लागणार होता. तोवर एकेक बाई हॉलमध्ये येऊन उभी राहिली, कपड्यांना अजून वाळू चिकटलेली. बेल वाजायचं कारणच नव्हतं, दार उघडंच होतं. डॉक्टरांचा हात गळ्याच्या पट्टीकडे गेला. मग त्यांनी तो तिथून काढला आणि मांडीवर ठेवला.

“वैनी,” विजयमालाताई मगदूम बाईंना म्हणाल्या, “मी काल तुम्हाला काय काय बोललो. तुम्ही मेन बंद करायला लावले म्हणूनच वाचलं हो सगळं. वायरमननं सांगितलं. चालू असते तर एक तुकडा राहिला नसता कॉलनीत.”

मगदूम बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“सातवा कुणाचा होता गं?” कुणीतरी विचारलं.

“ते सॉफ्टवेअर सांगत नाही,” फोनवरून केतकी म्हणाली. “मुद्दामच. कुणी कुणाच्या उपकारात राहू नये म्हणून.”

“मग मी सगळ्यांच्याच राहतो,” विजयमालाताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

नव्या कॉम्प्युटरवर हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

“खुरपं,” ते म्हणाले.

आणि कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला, “हात दाखव.”

“काय?”

“हात दाखव म्हणतोय. कालपासून विचारतोय. प्लग ओढलास तेव्हा झटका बसला ना? आणि तू मला पाणी काय देतीस, उशी काय देतीस. आधी हात दाखव.”

विजयमालाताईंनी ओढणीखालचा हात बाहेर काढला. दोन बोटं काळवंडली होती, टोकाला फोड आले होते. डॉक्टरांनी तो हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, जनावराचा खूर बघावा तसा, नीट आणि सावकाश. रेश्मा मलम आणायला धावली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, कुणी पदराने डोळे पुसले.

“चला गं,” शेवटी मगदूम बाई हळूच म्हणाल्या. “त्यांना बोलू दे आता. आपण निघू या.”

डॉक्टरांनी हात वर केला.

“थांबा,” त्यांचा आवाज म्हणाला. घराबाहेरच्या माणसांशी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “माझं बोलणं तुम्ही घरात सांभाळलंत, आणि तुमच्यापैकी एकीलाही ते कधी ऐकायला मिळालं नाही. मीच ऐकू दिलं नाही. बसा आता. ऐकून जा.”

सगळ्या जिथे होत्या तिथे खाली बसल्या.